हाताच्या टप्प्यातील शिकार

कुत्र्याचा विषय निघाला की आपल्या घरांतून सहसा दोन टोकांच्या भूमिका दिसतात. काही जण त्याला पाहताच दगड उचलतात आणि तेच धर्माचे पालन आहे असे समजतात. काही जण शहरी हौसेपोटी त्याला दिवाणखान्यात बसवतात आणि त्याविषयी धर्माने काही सांगितले आहे, हेच विसरतात. पवित्र कुरआनची भूमिका या दोन्हींहून वेगळी आहे. त्यात गुहावासी तरुणांच्या दारात पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख सन्मानाने येतो (१८:१८), आणि शिकवलेल्या शिकारी कुत्र्याविषयी स्पष्ट आदेशही येतो (५:४). या दुसऱ्या संकेतवचनावर विचार करण्याचा प्रसंग गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या कुटुंबात आला. तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण त्यातील प्रश्न एका पिल्लापुरता राहिला नाही.

माझा भाचा नाशिक जिल्ह्यातील येवला तालुक्यात शेती करतो. कांदा, मका आणि रब्बीत थोडा हरभरा एवढेच त्याचे उत्पन्न. शेतात चार शेळ्या आहेत. चोरी आणि रानडुकरांचा उपद्रव वाढला, तेव्हा त्याने सोलापूरकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून दोन महिन्यांचे कारवानी पिल्लू आणले. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमाभागात ही जात पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि बारीक पण काटक पाय ही तिची ओळख. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, म्हणून ती मुधोळ या नावानेही प्रसिद्ध झाली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर टपाल तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. दूर काही हलले की त्याचे सारे शरीर धनुष्यासारखे ताणले जाते.

भाच्याने यापूर्वी कधी कुत्रा पाळला नव्हता. त्याने मला नाशिकला फोन करून पहिला प्रश्न विचारला तो असा : "मामू, हे पिल्लू ठेवले तर गुनाह होईल का?"

याचे उत्तर हदीसमध्ये स्पष्ट आहे. गुरे राखणे, शेताचे रक्षण करणे किंवा शिकार, या कारणांवाचून जो कुत्रा पाळतो त्याच्या पुण्यातून दररोज एक कीरात घटतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम यांत नोंदलेले आहे. काही कथनांत दोन कीरातांचा उल्लेख येतो. म्हणजे परवानगी गरजेला आहे. दिखाव्याला आणि नुसत्या हौसेला नाही. शेताची व शेळ्यांची राखण ही खरी गरज होती. म्हणून मी त्याला सांगितले की पिल्लू ठेव, पण त्याची जागा शेतातील गोठ्यापाशी असू दे, नमाजच्या व स्वयंपाकाच्या जागेत नको. त्याचे भांडे वेगळे ठेव. त्याच्या लाळेच्या बाबतीत हनफी व शाफई फुकहांच्या मतांत तपशिलाचा फरक आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे व त्यात एकदा माती वापरावी, या शाफई मताचे पालन आमच्या नाशिकमधील कोकणी कुटुंबांत होते. हनफी मतानुसार तीन वेळा धुणे पुरेसे असून सात वेळा धुणे अधिक चांगले. पण शुद्धतेचे नियम हे त्या जनावराचा तिरस्कार करण्याची परवानगी नव्हे. तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक मनुष्य विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून तो दातांत धरून वर आला, आणि तेवढ्यासाठी अल्लाहने त्याला क्षमा केली, हेही त्याच प्रेषितांनी (स.) शिकवले आहे.

दुसरा प्रश्न शिकवण्याचा होता. इथे सूरह माइदाच्या चौथ्या संकेतवचनाकडे लक्ष द्यावे. शिकवलेल्या शिकारी जनावरांनी तुमच्यासाठी धरून ठेवलेली शिकार वैध आहे, असे सांगताना अल्लाह एक लहानसा वाक्यांश जोडतो : अल्लाहने तुम्हाला जे ज्ञान दिले त्यातून तुम्ही त्यांना शिकवता. कुत्र्याला शिकवणाऱ्याला इथे प्रथम विद्यार्थी म्हटले आहे. त्याच्याजवळचे कौशल्य त्याच्या मालकीचे नाही, ती देणगी आहे. म्हणूनच त्या संकेतवचनाचा शेवट अल्लाहचे भय बाळगण्याच्या आदेशाने आणि तो त्वरित हिशेब घेणारा आहे या स्मरणाने होतो.

'शिकवलेला', म्हणजेच मुअल्लम, कुत्रा कोणाला म्हणावे? तै कबिल्याचे हजरत अदी बिन हातिम (रजि.) शिकार करीत असत. त्यांनी याविषयी प्रेषितांना (स.) विचारले. उत्तराचा आशय असा की, अल्लाहचे नाव घेऊन शिकवलेला कुत्रा सोडला असेल तर त्याने धरलेले खावे. पण त्याने त्यातून स्वतः खाल्ले असेल तर खाऊ नये, कारण ती शिकार त्याने स्वतःसाठी धरली असण्याची भीती आहे. आणि शिकारीजवळ दुसराही कुत्रा आढळला तर खाऊ नये, कारण नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नाही. फुकहांनी यातून कसोट्या काढल्या : सोडले की जाणे, बोलावले की परतणे, पकडलेले न खाता धरून ठेवणे. हनफी फुकहांपैकी इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांच्या मते सलग तीन वेळा शिकार न खाता धरून ठेवली तर कुत्रा शिकलेला मानावा. वेग, जबडा, नजर यांतील एकही गोष्ट या कसोट्यांत नाही, हे ध्यानात घ्यावे. ते गुण त्याला जन्मतःच मिळालेले असतात. शिक्षणाचे नाव फक्त थांबण्याला दिले आहे.

भाच्याने पिल्लाचे नाव शेरू ठेवले. पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याला पार्वो व डिस्टेंपरच्या लसी वेळेवर दिल्या, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस दिली, जंताची औषधे दिली. या जातीची कातडी पातळ आणि केस आखूड असतात. निफाड-येवल्याकडची थंडी कडक, म्हणून रात्री अंगाखाली गोणपाट आणि वर आडोसा केला. ज्वारीची भाकरी, दूध, अंडे आणि उकडलेले मांस असा आहार ठेवला. हाडे पक्की होण्यास वर्षभर लागते, तोवर त्याला मोटरसायकलमागे पळवायचे नाही, हेही त्याने पाळले. शिकवणे दिवसातून दोनदा, दहा मिनिटांचे. नावाने हाक मारायची, आला की भाकरीचा तुकडा द्यायचा. भांडे पुढे ठेवूनही 'थांब' म्हटल्यावर थांबवायचे. लांब दोर बांधून बांधाबांधाने फिरवायचे, म्हणजे आपली हद्द कुठे संपते ते त्याला कळते.

पाचव्या महिन्यात एक चूक झाली. शेरू दोर सोडवून शेजारच्या शेळ्यांमागे धावला. भाचा अर्धा तास हाका मारीत राहिला. शेवटी पिल्लू स्वतःहून परत आले, तेव्हा त्याने रागाच्या भरात त्याला काठीने मारले. त्यानंतर कितीतरी दिवस हाक मारली की ते जवळ येईना. दूर उभे राहून नुसते पाहत राही. भाच्याला कारण कळेना. मी त्याला म्हटले की, पळून जाण्याची शिक्षा तू दिलीस असे तुला वाटते, पण ती त्याला मिळाली परत येण्याच्या क्षणी. तो परतणे विसरला नाही, परतण्याला भ्यायला शिकला.

हे बोललो आणि माझे मलाच वाईट वाटले. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हेच करीत नाही का? मुलगा चूक कबूल करायला येतो आणि कबुलीच्या क्षणीच थप्पड खातो. पुढच्या वेळी तो चूक टाळतो असे नाही, कबुली टाळतो. अल्लाहची रीत याच्या उलट आहे. निर्जन वाळवंटात अन्नपाण्यासह हरवलेला उंट अचानक समोर उभा दिसल्यावर एखाद्याला जितका आनंद होईल, त्याहून अधिक आनंद अल्लाहला आपल्या दासाच्या तौबाचा होतो, असे हदीसमध्ये आहे. परत येणाऱ्याचे स्वागत करणे हे अल्लाहने आपल्याला शिकवलेले आहे. त्यातूनच पुढे शिकवायचे असते. भाच्याने काठी टाकून दिली. पुन्हा सुरुवातीपासून, जवळून, बसून हाक मारू लागला. महिन्याभराने पिल्लाचा विश्वास परतला.

खरा प्रश्न मात्र हिवाळ्यात उभा राहिला. येवला तालुक्यातील ममदापूर परिसरात काळविटांचे संवर्धन क्षेत्र आहे. ही हरणे मोकळ्या माळावर कळपाने राहतात आणि चारा आटला की शेतांत उतरतात. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांवर एका रात्रीत किती नुकसान होते, ते ज्याचे शेत आहे त्यालाच ठाऊक. शेरू तेव्हा वर्षाचा होत आला होता. काळवीट दिसले की तो थरथरू लागे. एके संध्याकाळी शेजारच्या एका शेतकऱ्याने भाच्याला सल्ला दिला, "रात्री दोर सैल ठेव. कुत्रा आपणहून गेला म्हणायचे. नुकसान थांबेल आणि मटणही होईल. हरीण आपल्या धर्मात हलालच आहे ना?"

भाच्याने मला विचारले, "मामू, तो म्हणतो त्यात काय चूक आहे? अल्लाहने जे हलाल केले ते सरकार हराम कसे करणार?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. अल्लाहने वैध केलेल्या गोष्टीला स्वतःच्या मर्जीने निषिद्ध ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे कुरआनने बजावले आहे (१६:११६). वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने मात्र हरणाचे मांस इस्लाममध्ये हराम आहे असे म्हटलेले नाही. त्याने एवढेच म्हटले आहे की या देशात या जनावराची शिकार कोणी करू नये. शिकारीच्या व्याख्येत त्याने केवळ मारणे नव्हे, तर पाठलाग करणे, हाकणे, फास लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही घेतले आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत येते. त्याच्या शिकारीला किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. हा नियम हिंदू, मुस्लिम, आदिवासी, जमीनदार सर्वांना सारखा आहे. मुस्लिमाने वैध गोष्टीपासून दूर राहणे हे पाप नाही. दिलेला करार मोडणे हे पाप आहे. आणि शिकारीचे नियम ज्या सूरह माइदात आहेत, तिचे पहिलेच संकेतवचन ईमानधारकांना करार पूर्ण करण्याचा आदेश देते (५:१). नागरिक म्हणून या देशाच्या संरक्षणाचा लाभ आपण घेतो, तेव्हा त्याचा न्याय्य कायदा पाळण्याचा करारही आपण केलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वैध शिकार काही काळ किंवा काही जागी सोडून देणे ही कल्पना कायद्याने बाहेरून आणलेली नाही. ती कुरआनमध्येच आहे. त्याच पहिल्या संकेतवचनात एहरामच्या स्थितीत शिकार वैध न मानण्याचा आदेश आहे. जे हरीण काल हलाल होते आणि परवा पुन्हा हलाल होईल, ते आज एहरामात असलेल्याला नाही. मक्केच्या हरममध्ये शिकारीच्या जनावराला नुसते बिचकवून हुसकावण्यासही मनाई आहे. मदीनेच्या दोन काळ्या खडकाळ पट्ट्यांमधला प्रदेश प्रेषितांनी (स.) असाच सुरक्षित ठरवला. हजरत अबू हुरैरा (रजि.) म्हणत की मदीनेत हरणे चरताना दिसली तरी आपण त्यांना घाबरवणार नाही. ममदापूरचा माळ हा मक्का-मदीनेचा हरम नाही, दोन्हींची बरोबरी कोणी करू नये. पण चरणाऱ्या हरणाला पाहून हात आवरून घेण्याची शिकवण आपल्या परंपरेला परकी नाही, हे तरी यावरून समजावे.

आणि मग येते ते संकेतवचन, जे मी भाच्याला त्या रात्री वाचून दाखवले (५:९४). त्याचा आशय असा की, ईमानधारकांनो, तुमच्या हातांच्या व भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीद्वारे अल्लाह तुमची परीक्षा घेईल, जेणेकरून न पाहता त्याचे भय कोण बाळगतो ते उघड व्हावे. भाष्यकारांनी नोंदवले आहे की हुदैबियाच्या प्रवासात एहराममध्ये असताना शिकारीची जनावरे मुस्लिमांच्या तळाच्या अगदी जवळ येत होती. परीक्षा दुष्काळाने घेतली जाते, हे आपल्याला माहीत आहे. ती हात पुरेल एवढ्या जवळच्या सुबत्तेनेही घेतली जाते, हे आपण विसरतो. अशा परीक्षेत वनरक्षक नसतो, शेजारी सामील असतो, रात्र अंधारी असते, आणि मधे असते फक्त दोराची एक गाठ.

शेजाऱ्याच्या सल्ल्यातील सर्वांत घातक भाग 'हलाल' हा शब्द नव्हता. 'दोर सैल ठेव' हा होता. समुद्रकाठच्या त्या वस्तीची हकीकत कुरआनमध्ये आहे (७:१६३). तिथल्या लोकांना शब्बाथच्या दिवशी मासेमारीची मनाई होती, आणि नेमक्या त्याच दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येत. भाष्यकार सांगतात की त्यांनी युक्ती काढली : जाळी आदल्या दिवशी लावायची, मासे दुसऱ्या दिवशी काढायचे, आणि त्या दिवशी आम्ही काहीच केले नाही म्हणायचे. त्यांनी आज्ञेचे शब्द सांभाळले आणि आज्ञा मोडली. सैल सोडलेला दोर हेच आदल्या दिवशी लावलेले जाळे आहे. शिवाय शरीअतनेही ही पळवाट मोकळी ठेवलेली नाही. मालकाने नाव घेऊन सोडल्यावाचून कुत्रा आपणहून धावला आणि त्याने जनावर मारले, तर ती शिकार वैध ठरत नाही. ज्या बहाण्याने कायद्यातून सुटायचे, तोच बहाणा ते मांस हराम करतो.

इथे एक कबुली दिली पाहिजे. नाशिकमध्ये घरात बसून हे लिहिणाऱ्याचा हरभरा खाल्ला जात नव्हता. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते, आणि त्याला केवळ सबुरीचा उपदेश करणे हा अन्याय आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीसाठी वन विभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी लगेच अर्ज व पंचनामा करावा लागतो. भाच्याने तो केला. शेताच्या उघड्या बाजूला जाळीचे कुंपण घातले. शेरूचा दोर मात्र गोठ्याच्या खांबाला घट्ट राहिला. कळप जवळ आला की तो भुंके आणि भाचा बॅटरी घेऊन बाहेर येई. एका रात्री कळप बांधाच्या अगदी आत होता, शेरू दोराला झोंबत होता. भाचा त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसला, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "थांब." नंतर त्याने मला सांगितले, "मामू, शेरू थांबला. पण मला खात्री नाही, तो शब्द मी त्याला म्हणालो की स्वतःला." त्या हंगामात हरभऱ्याचा काही भाग गेलाच.

त्या जनावराचाही एक हक्क आहे, तो सांगून थांबतो. धावण्यासाठी घडवलेल्या कुत्र्याला आयुष्यभर खांबाला बांधून ठेवणे हाही जुलूमच. भाचा रोज पहाटे फज्रनंतर त्याला कापणी झालेल्या, कुंपणाच्या आतल्या रानात मोकळे धावू देतो. ज्यांच्याकडे अशी जागा व अशी गरज नाही, त्यांनी शहरातील सदनिकेत किंवा मोबाइलवरच्या चित्रफितींसाठी असा कुत्रा आणू नये. सशावर कुत्री सोडून पैजा लावणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे, कोणाच्या प्राणांची करमणूक करणे हे मुस्लिमाचे काम नव्हे.

आपण सारेच काही ना काही राखायला बसलेलो आहोत. कोणी मशिदीच्या देणग्यांचा हिशेब, कोणी अनाथ पुतण्याची जमीन, कोणी दुकानाचा गल्ला. हाताच्या टप्प्यात शिकार प्रत्येकाच्या येते, आणि 'आपणहून गेला' म्हणण्याची सोयही असते. एक मुका प्राणी भुकेला असूनही तोंडातले न खाता मालकासाठी धरून ठेवायला शिकतो. ज्याला अल्लाहने बुद्धी आणि ग्रंथ दिला, त्याने निदान तेवढे तरी शिकावे.

हे अल्लाह, जे आमच्या हाती दिलेस ते राखण्याचे बळ दे, जे हाताच्या टप्प्यात आणलेस तिथे थांबण्याचे बळ दे, आणि चुकून दूर गेलो तर तुझी हाक ऐकून निर्भयपणे परतण्याची सद्बुद्धी दे. आमीन.